वरच्या खोलीचं दार



चातुर्मास तोंडावर आला आहे. धान्य निवडून, उन्हं देऊन डबे भरून झाले असतील. यंदा आमच्याकडे या सगळ्याबरोबर बांधकामही निघालं होतं. घरावर एक खोली चढवली आणि त्या खोलीच्या दाराने मला सहा महिने कामाला लावलं. आपल्यापैकी बऱ्याच जणी बाल्कनी आत घेतात, शेजारची खोली जोडतात, गच्चीवर काही बांधतात. म्हणून हा सगळा हिशेब लिहून ठेवते आहे. बी.कॉम.ची सवय आहे, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमचं घर कांदिवली पश्चिमेला, चारकोपमध्ये. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने १९८५ पासून इथे छोटे छोटे प्लॉट पाडून दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. मधल्या चौकाभोवती पस्तीस घरं आणि त्यांची एक सोसायटी, अशी इथली रचना. त्यामुळे चारकोपचं घर एकदा बांधून कधी संपत नाही. आधी एक खोली, मग माडी, मुलगा मोठा झाला की आणखी काही. आमचंही तसंच.

या वेळी खोलीची गरज मुलगा आणि सून यांना होती. सूनबाई घरून काम करते, तिच्या मीटिंगा रात्री साडेदहापर्यंत चालतात. खालच्या घरात मी, हे, आणि आमच्या सासूबाई, म्हणजे आक्का. आक्कांचं वय अठ्ठ्याऐंशी. त्या चौविहार करून आठला झोपतात. सूनबाई बिचारी दबक्या आवाजात बोलायची. मुलाने एकदा जेवताना सांगून टाकलं, "आई, वर राहण्यासारखी खोली झाली तर ठीक. नाहीतर आम्ही जवळच भाड्याने फ्लॅट बघतो." त्याने रागाने म्हटलं नव्हतं. पण ते ऐकून यांनी भाकरी ताटात ठेवली आणि त्या रात्री कुणी फार बोललं नाही.

राहण्यासारखी म्हणजे काय? वरच्या खोलीला पश्चिमेला गच्ची आहे, आणि दार तिथेच निघणार. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपासून साडेसहापर्यंत सरळ दारावर. एसी लागणार हे उघड होतं. इथून खरा प्रश्न सुरू झाला, कारण आक्कांनी एसीचा त्याग केला आहे. त्या पंख्याखाली झोपतात. घरात एक एसी आहे तो यांच्या बायपासनंतर घेतलेला. दुसरा घ्यायचा तर आक्का काय म्हणतील, ही धाकधूक मला आणि सूनबाईला सारखीच होती.

आक्का म्हणाल्या ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते. "माझा नियम माझ्यापुरता. पोरीला उकाड्यात बसवून मला कसलं पुण्य लागणार? पण एसी लावून दार फटफटीत ठेवाल तर तो अनर्थदंड. तेवढं सांभाळा."

आपण अनर्थदंडविरती व्रत पाठ करतो, ते एक गुणव्रत. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला एक प्रमादचर्या. कारणाशिवाय जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं. गृहस्थाला आरंभ पूर्ण सुटत नाही, हे आचार्यांनाही ठाऊक होतं. प्रश्न आहे तो विनाकारण होणाऱ्या आरंभाचा. वीज सचित्त की अचित्त यावर आपल्यात मतभेद आहेत, मी त्यात पडत नाही. पण ती तयार होताना कुठेतरी कोळसा जळतो, पाणी आटतं. ज्या विजेने कुणालाच गारवा मिळाला नाही, ती फटीतून गेली, ती विफलच. आक्कांनी एका वाक्यात माझं काम ठरवून दिलं: एसी घ्यायचा, पण त्याचं एक युनिटही फटीतून जाऊ द्यायचं नाही.

मग आम्ही दुकानं पाहायला निघालो. लिंक रोडवरच्या एका मोठ्या दुकानात सगळ्या दारांवर 'एनर्जी एफिशियंट' लिहिलेलं. फ्रिज, एसी, पंखा यांच्यावर आपण तारे मोजतो, तसे दारावर नसतात. मी विचारलं, "एफिशियंट म्हणजे किती?" तर तो मुलगा म्हणाला, "आंटी, डबल ग्लास आहे, फॉरेनला हेच लावतात." फॉरेनला बाहेर बर्फ असतो आणि आत हीटर असतो. आपल्याकडे तसं नाही, म्हणून मी घरी येऊन कागद घेऊन बसले. मुलगा इंजिनियर आहे, सूत्रं त्याने दिली, गुणाकार मी केले.

दारातून उष्णता तीन वाटांनी आत येते. तिन्ही वाटा वेगवेगळ्या मोजल्या की डोकं साफ होतं.

पहिली वाट म्हणजे दाराच्या अंगातून. बाहेर ३३ अंश, आत २४, फरक ९ अंशांचा. वीस चौरस फूट साधी काच असेल तर या फरकामुळे साधारण ९५ वॅट उष्णता आत येते. दुहेरी काच लावली तर निम्मी, म्हणजे ४७ वॅटच्या आसपास. वाचली ४८ वॅट. एसी एक युनिट वीज घेऊन तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे विजेत बचत फक्त १५ वॅट. रोज आठ तास, वर्षातले दीडशे दिवस धरा. सगळे मिळून १८ युनिटं. वर्षाला! तेवढ्यासाठी दुहेरी काचेचे जादा पैसे माझ्या हयातीत वसूल होणार नाहीत. ज्या देशात बाहेर शून्य आणि आत वीस असतं, तिथे फरक वीस अंशांचा आणि तोही महिनोन्महिने दिवसरात्र. त्यांचा हिशेब त्यांना बरोबर आहे. रस्त्याचा आवाज रोखायला दुहेरी काच उपयोगी पडते हेही खरं, पण आमची गच्ची आतल्या बाजूला आहे.

दुसरी वाट उन्हाची, आणि ती भलतीच मोठी निघाली. दुपारी चारच्या उन्हात पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला पाचशे वॅट सहज पडतात आणि साधी पारदर्शक काच त्यातले चार-पंचमांश आत सोडते. वीस चौरस फुटांचे होतात सुमारे साडेसातशे वॅट. म्हणजे खोलीत एक इस्त्री तापवून ठेवायची आणि तिच्यासमोर एसी लावायचा! आतला पडदा ओढून उपयोग थोडा, कारण ऊन काचेतून आत येऊन गेलेलंच असतं. अडवायचं ते बाहेर. डोक्यावरचा छज्जा दुपारी बारा-एकला सावली देतो, पण मावळतीचं ऊन तिरकं खालून येतं, त्याला छज्जा पुरत नाही. त्याला बांबूची चिक हवी, दारापासून वीतभर बाहेर टांगलेली.

तिसरी वाट फटींची. हिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. आमच्या खालच्या बेडरूमचं दार मी पट्टीने मोजलं. दाराखाली अर्धा इंच फट, रुंदी ३६ इंच, म्हणजे १८ चौरस इंच. आपलं पोस्टकार्ड जवळजवळ एवढंच असतं. बाकी तीन बाजूंना इंचाचा आठवा भाग फट. तीन बाजू मिळून सतरा फूट, म्हणजे २०४ इंच. त्याला आठाने भागलं की साडेपंचवीस. दोन्ही मिळून साडेत्रेचाळीस चौरस इंच. बंद दाराला दोन पोस्टकार्डांहून मोठं भोक, रात्रभर उघडं!

आणि मुंबईत त्या भोकातून येणारी हवा नुसती गरम नसते, ओली असते. एसीच्या नळीतून बादलीत पडतं ते पाणी म्हणजे त्या हवेतला दमटपणा. एक लिटर पाणी हवेतून काढायचं तर सुमारे ०.६८ युनिट उष्णता उपसावी लागते, त्याला वीज लागते पाव युनिटाच्या जरा खाली. म्हणून मागच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात मी आमच्याच खोलीवर प्रयोग केला. आधी चार रात्री बादलीतलं पाणी मापाने मोजलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून चिकटवायची रबरी पट्टी आणली, चौकटीला तिन्ही बाजूंनी लावली, दाराखाली ब्रशची पट्टी ठोकली. पुन्हा चार रात्री मोजलं. आधी सकाळपर्यंत बादली काठोकाठ भरायची, नंतर वरची चार बोटं रिकामी राहू लागली. हवा रोज सारखी नसते, त्यामुळे हा प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. पण यांना पहाटे चादर घ्यावी लागली आणि एसी २४ वरून २६ वर आला. पट्टीचा खर्च एका साडीच्या फॉलपिकोपेक्षा थोडा जास्त.

यावरून माझा क्रम ठरला. आधी फटी, मग ऊन, आणि सगळ्यात शेवटी काच एकेरी की दुहेरी. दुकानात हाच क्रम उलटा सांगतात.

आता दार कोणतं? सरकतं दार दिसायला छान, जागा खात नाही. पण सरकायचं म्हणजे मध्ये थोडी मोकळीक हवीच. तिथे केसाळ पट्टी असते, ती हवा पूर्ण अडवत नाही. बिजागरीचं दार मात्र रबरावर दाबून बसतं. शिवाय सरकत्या दाराच्या खालच्या पन्हळीत पावसाचं पाणी साचतं, धूळ साचते, मुंग्या आणि चिलटं अडकून मरतात. ती पन्हळ रोज यत्नाचाराने झाडायची म्हटलं तरी काहीतरी चिरडणारच. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी ज्याला जयणा म्हणतात, ती घडणीतच नसेल तर झाडूने कुठून आणणार?

माझ्या मनात सरकतं दार बाद झालं ते आणखी एका कारणाने. दार बंद किती घट्ट होतं हे पाहिलं, पण उघडतं किती हेही पाहायला हवं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ साली घरांसाठी इको-निवास संहिता काढली. ती मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आहे, आपल्या छोट्या बांधकामाला लागू नाही, पण शिकण्यासारखी आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत घराच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहाव्या हिश्श्याइतकी उघडणारी जागा हवी असं त्यात आहे. बाल्कनीत उघडणारी दारंही त्यात धरतात. इतर प्रकारच्या हवामानांना याहून कमी चालते. मी आमच्या एका खोलीपुरता हिशेब केला. खोली दहा बाय बारा, म्हणजे १२०, तिचा सहावा हिस्सा २० चौरस फूट. पाच फुटी सरकतं दार ३५ चौरस फुटांचं, पण उघडतं निम्मंच, साडेसतरा. चार फुटी दोन कवाडांचं दार २८ चौरस फुटांचं आणि ते पुरतं उघडतं. चारकोपला संध्याकाळी खाडीकडून वारा येतो. तो आत घेता आला तर वर्षातले कितीतरी दिवस एसी लावायचीच गरज नाही. सगळ्यात कमी वीज खाणारा एसी म्हणजे न लावलेला एसी.

मग लाकडाचा प्रश्न. नवं लाकूड म्हणजे झाड तोडणं. साधं लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि आकसलं की फट पडते. वाळवी लागली तर औषध मारायचं, म्हणजे हजारो जीवांची हिंसा आपल्या हाताने. प्लास्टिकच्या दारांना वाळवी लागत नाही, ती फुगत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. अ‍ॅल्युमिनियमही टिकतं, पण ती चौकट उन्हात हात लावू देत नाही, कारण धातू उष्णता झरझर आत नेतो. सूनबाईचा कल पांढऱ्या प्लास्टिकच्या दाराकडे होता आणि त्यात काही चूक नव्हतं.

तोडगा काढला यांनी. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या पाडलेल्या इमारतींची सागवानी दारं मिळतात. यांचं बालपण सांगलीच्या वाड्यात गेलं, साग दिसला की यांचे डोळे चमकतात. एका रविवारी आम्ही चौघं गेलो. धुळीने माखलेलं, सात फूट उंचीचं, दोन कवाडांचं दार सापडलं. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं लाकूड आता आणखी काय वाकणार? सागाला वाळवीही सहसा धरत नाही. नवीन झाड तोडायचं नाही, औषध मारायचं नाही. सूनबाई मात्र गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "आई, छान आहे, पण अंधार होईल हो. मला दिवसभर ट्यूबलाइट लावून बसायचं नाही." तिचं बरोबरच होतं. दारामुळे दिवसा दिवा लावावा लागला तर बचत कसली? वरच्या दोन चौकटींतल्या फळ्या काढून तिथे काच बसवायची ठरली. चार चौरस फूट काच, बाहेरून चिक. उजेड येतो, इस्त्री तापत नाही.

सुतारकाका आमच्या ओळखीचे. त्यांना मी कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. चौकटीला सगळीकडून खाच मारून रबर बसवायचं. दोन कवाडं मिळतात तिथे एकावर एक चढणारी खाच. दार बाहेर उघडायचं, म्हणजे पश्चिमेचा वारा जेवढा जोरात येईल तेवढं दार रबरावर घट्ट बसेल. आणि उंबरठा. काका हसले, "ताई, आता उंबरठा कोण घालतं?" आजकाल फ्लॅटमध्ये आतल्या दारांना उंबरठा नसतोच, म्हणून तर दाराखाली ते पोस्टकार्ड. आपल्या आज्यांचा उंबरठा पूजेला होता, तसाच पाणी, किडामुंगी आणि वारा अडवायलाही होता. पाऊण इंच उंचीची दगडी पट्टी घातली, कवाडं तिला टेकून बसतात. अडखळू नये म्हणून तिचा रंग फरशीपेक्षा वेगळा घेतला.

आतल्या बाजूला जाळीचं वेगळं दार आहे. सूर्यास्ताआधी ते लावायचं आणि मगच दिवा लावायचा, हा घरचा नियम. पावसाळ्यात दिव्यावर झेपावणारे पंखवाले किडे आत येत नाहीत, वारा तेवढा येतो.

पैशांचं सांगते. जुनं दार, मजुरी, रबर, काच, जाळी, चिक धरून जो खर्च आला, तो दुकानातल्या दुहेरी काचेच्या सरकत्या दाराच्या निम्म्याहून कमी. आणि विजेचा हिशेब करताना एक लक्षात ठेवा. आपलं बिल टप्प्यांनी लागतं: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून बचत सरासरी भावाने मोजू नका, वरच्या टप्प्याच्या भावाने मोजा.

महावीर जयंतीच्या आदल्या आठवड्यात दार बसलं. मे महिना त्या दारामागे निघाला. दुपारी चिक खाली, दार बंद, एसी २६ वर आणि पंखा हळू. साडेसहाला चिक वर, दोन्ही कवाडं सताड, जाळी लावलेली. पहाटे पाचला सूनबाई स्वतः उठून दार उघडते, कारण एसी आतलीच हवा फिरवतो, खोलीला ताजी हवा लागतेच.

भाड्याच्या फ्लॅटचं काय, असं तुम्ही विचाराल. मुलं राहतील की जातील हे कुठल्याही दारावर ठरत नाही, एवढं मला कळतं. सध्या फ्लॅटचं बोलणं थांबलं आहे. गेल्या आठवड्यात आक्का हट्टाने एकेक पायरी चढून वर गेल्या. एसी चालू होता, म्हणून आत बसल्या नाहीत. उंबरठ्याशी वाकून दाराच्या खाली हात फिरवला. गार वारा लागतो का पाहत होत्या. नाही लागला. सूनबाईने लगेच एसी बंद केला, कवाडं उघडली आणि गच्चीकडे तोंड करून आक्कांना खुर्ची दिली. दोघी अर्धा तास वाऱ्यावर बसल्या होत्या.

तुम्हाला आज एवढंच सांगेन. नवीन दार घ्यायचं असो वा नसो, संध्याकाळी खोलीत अंधार करा, बाहेर दिवा लावा आणि बंद दाराकडे आतून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून तुमची वीज जाते आहे. पट्टी लावण्याआधी तिथे मुंग्यांची रांग नाही ना, तेवढं पाहून घ्या.

जय जिनेंद्र.